कशावरून? तत्त्वज्ञानात बी.ए. करताना नेमकं काय शिकतात

तुम्ही टिळक रस्त्यावरून चालला आहात. एका अभ्यासिकेच्या दारात मैत्रिणीची निळी स्कूटर उभी दिसते. नंबर तोच, आरशाला बांधलेलं लाल फडकंही तेच. तुम्ही मनात म्हणता, मुक्ता आत आहे. आत जाऊन बघता तर मुक्ता खरोखरच कोपऱ्यातल्या टेबलाशी वाचत बसलेली. मग बोलता बोलता कळतं की आज स्कूटर तिच्या भावाने आणली होती आणि तो समोरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेला आहे. मुक्ता बसने आली. बहीण-भावाची सकाळपासून गाठही पडलेली नाही.

आता सांगा, दारात उभं असताना "मुक्ता आत आहे" हे तुम्हाला माहीत होतं का?

पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक मुलं पटकन "हो" म्हणतात आणि मग थबकतात. तुमचं म्हणणं खरं होतं, यात शंका नाही. तुम्ही ते मनापासून मानत होता. मानायला आधारही चांगला होता. जिची स्कूटर, ती आत असणार, असं कुणीही म्हणेल. खरेपणा आहे, विश्वास आहे, आधार आहे. तरी "माहीत होतं" म्हणताना जीभ अडखळते, कारण तुमचा आधार आणि मुक्ताचं आत असणं यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. उत्तर बरोबर आलं ते नशिबाने.

ज्ञान म्हणजे साधार आणि सत्य असा विश्वास, ही कल्पना प्लेटोच्या संवादांपर्यंत मागे नेता येते. १९६३ मध्ये एडमंड गेटिअर या अमेरिकन तत्त्वज्ञाने अवघ्या तीन पानांचा निबंध लिहून दाखवलं की एवढ्याने भागत नाही. स्कूटरचं उदाहरण माझं आहे, पण जातकुळी त्याच्या उदाहरणांची. आणि त्याच्याही कितीतरी आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाने असंच एक उदाहरण दिलं होतं. वाळवंटात तहानलेल्या माणसाला लांबवर पाणी दिसतं. ते असतं मृगजळ. पण तो तिथे पोचतो तेव्हा एका खडकाखाली खरोखरच पाणी सापडतं. मग लांबून त्याला झालं ते पाण्याचं ज्ञान होतं का?

दर वर्षी वर्गातून एक तरी आवाज येतो, "मॅडम, पण काय फरक पडतो? होती ना ती आत?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्यालाही खरं उत्तर द्यावं लागतं. फरक असा पडतो की नशीब दुसऱ्यांदा साथ देईलच असं नाही. अंदाजाने दिलेलं औषध एकदा लागू पडलं म्हणून त्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाऊ का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एखादी ऐकीव बातमी खरी निघाली, म्हणून पाठवणाऱ्याला ती माहीत होती असं म्हणायचं का? आपण कुणावर विसंबावं आणि कुणावर विसंबू नये, हे या फरकावरच ठरतं.

तत्त्वज्ञानाची पदवी घ्यायची म्हणजे असे प्रश्न धरून ठेवायला शिकायचं. मराठीत त्यासाठी दोन अगदी घरगुती प्रश्न आहेत, "म्हणजे काय?" आणि "कशावरून?" मला विचाराल तर सगळा अभ्यासक्रम या दोन प्रश्नांचा रियाज आहे. विषयांची नावं बदलत जातात, रियाज तोच.

हे काय नव्हे

मी तत्त्वज्ञान शिकवते असं सांगितलं की लोक दोन गोष्टी समजतात. एक, मी ध्यान-अध्यात्म शिकवत असणार. दोन, आयुष्याविषयी माझ्याकडे काही सुविचार तयार असणार. "उगाच तत्त्वज्ञान पाजळू नको" असं आपण बोलताना म्हणतो, त्यातलं तत्त्वज्ञान म्हणजे न मागता दिलेला मोठ्या माणसाचा उपदेश. घराघरांत हाच अर्थ रुळलेला आहे, म्हणून बारावी झालेल्या मुलीने हा विषय घेते म्हटलं की आई-वडील काळजीत पडतात. त्यांची काळजी खोटी नाही, पण चित्र चुकीचं आहे.

वर्गात उपनिषदं वाचली जातात, बुद्ध वाचला जातो, पण तिथे श्रद्धा ठेवायला कुणी सांगत नाही आणि सोडायलाही सांगत नाही. या माणसाचा दावा काय आहे, तो कशावर उभा आहे, विरोधक त्याला कुठे पकडू शकेल आणि तेव्हा तो काय म्हणेल, एवढं बघायचं. वारीला जाणारी मुलं माझ्या वर्गात असतात आणि देव न मानणारीही असतात. दोघांचे पेपर मी एकाच मापाने तपासते.

एक शब्द, दोन अर्थ

सुरुवात बहुधा तर्कशास्त्रापासून होते. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आहे, त्यामुळे काही मुलांना सत्यता-कोष्टकं, म्हणजे विधान कधी खरं आणि कधी खोटं ठरतं ते दाखवणारे तक्ते, आधीच येत असतात. ज्यांनी तो घेतलेला नसतो ती चिन्हं बघून बिचकतात. गणित सोडून आलो आणि हे काय पुढ्यात आलं, असं त्यांना होतं. त्यांना मी आधी चिन्हं दाखवत नाही. फळ्यावर दोन वाक्यं लिहिते.

"रस्ता ओला झाला, कारण पाऊस पडला."

"पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे."

दोन्हीकडे "कारण" आहे आणि दोन्ही वाक्यं मराठीत अगदी सरळ आहेत. पण दुसऱ्या वाक्यातल्या ओल्या रस्त्याने पाऊस पाडलेला नाही. तिथे "कारण" म्हणजे आपण तसं का मानतो त्याचा आधार. पहिल्या वाक्यात घडण्याचं कारण आहे, दुसऱ्यात मानण्याचं. संस्कृत शास्त्रकारांनी यांना कारक हेतू आणि ज्ञापक हेतू अशी वेगळी नावं दिली. बोलीभाषेत दोघांना एकच शब्द पुरतो आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण भांडण पेटलं की बिघडतं. "तू असं म्हणतोस कारण तू अमक्या घरात जन्मलास," हे वाक्य आठवून बघा. समोरच्याने ते मत का धरलं, त्याचं घडण्याचं कारण सांगितलं गेलं. त्याच्या मताला आधार आहे की नाही, याला हातही लावला नाही. टीव्हीवरच्या निम्म्या चर्चा या एका गोंधळावर चालतात. हा भेद नीट उमगला की तर्कशास्त्राच्या वर्गात येऊन बसल्याचं चीज झालं असं मी समजते.

आता दुसरं वाक्य पुढे नेऊ. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला. हा युक्तिवाद पक्का आहे का? पुण्यात राहणाऱ्याला उत्तर सांगावं लागत नाही. पाण्याचा टँकर गळत गेला असेल, जलवाहिनी फुटली असेल, कुणी सकाळी सडा घातला असेल. दोन्ही आधारविधानं खरी असूनही निष्कर्ष खोटा निघू शकतो, म्हणून हा युक्तिवाद अवैध. इथे मुलांना पहिला धक्का बसतो, कारण एखाद दिवशी खरोखर पाऊसच पडलेला असतो. निष्कर्ष खरा आणि तरी युक्तिवाद अवैध, हे कसं? वैधता म्हणजे वाक्यांच्या जोडणीचा पक्केपणा आणि सत्य म्हणजे वाक्याचं जगाशी जुळणं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे डोक्यात बसायला साधारण महिनाभर जातो. पुन्हा स्कूटरच आठवा. बरोबर उत्तर आणि बरोबर वाट यांची फारकत होऊ शकते.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय परंपरेत, याच्याच शेजारची चर्चा आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आपल्याकडचं हे सर्वांत प्रसिद्ध अनुमान. नैयायिक, म्हणजे या दर्शनाचा अनुयायी, ते पाच पायऱ्यांनी मांडतो. प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून डोंगरावर अग्नी आहे. यातली सगळी ताकद "जिथे धूर तिथे अग्नी" या अतूट सोबतीत आहे. तिला व्याप्ती म्हणतात. उलट दिशेने ती चालत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. शास्त्रात त्याला उपाधी म्हणतात, म्हणजे अनुमान ज्या गुपचूप अटीवर तरलं होतं ती अट. माझ्या आजीच्या पिढीने चूल फुंकली आहे. तिला हे उदाहरण समजावून सांगावं लागलं नसतं.

मग फक्त प्रत्यक्ष दिसतं तेच मानणारा चार्वाक येतो आणि विचारतो, जिथे धूर तिथे अग्नी, हे कशावरून? तुम्ही पाहिलेल्या चार चुलींवरून? न पाहिलेल्या, उद्याच्या, परदेशातल्या चुलींचं काय? अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ह्यूमने जवळपास हीच शंका काढली आणि युरोपातल्या विज्ञानविचाराला ती अजून बोचते आहे. आपल्याकडे नैयायिक उदयनाचार्यांनी उत्तर दिलं ते मला फार देखणं वाटतं. शंका घेणाऱ्याला ते म्हणतात त्याचा भावार्थ असा: तुला धूर हवा असतो तेव्हा तू बेलाशक अग्नी पेटवतोस ना? मग तुझं वागणंच तुझ्या शंकेला खोडून काढतं. शंकेची मर्यादा तिथे संपते. बाराव्या शतकात श्रीहर्ष या अद्वैती पंडिताने उदयनांचाच श्लोक थोडा फिरवून त्यांच्यावर उलटवला. दोन-तीन शतकांत पसरलेलं हे भांडण आहे आणि त्यात कुणीही समोरच्याचं म्हणणं पातळ करून मांडत नाही. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, जितका बळकट करता येईल तितका करायचा, मगच उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. वर्गातल्या वादात मी हाच नियम ठेवते: समोरचीने मान डोलावली की "हो, मला हेच म्हणायचं होतं," त्यानंतरच तिला खोडायचं.

एक सावधगिरी मात्र शिकवावी लागते. धर्मोत्तर आणि गेटिअर, चार्वाक आणि ह्यूम असं शेजारी ठेवलं की काही मुलांना लगेच स्फुरण चढतं, "म्हणजे सगळं आपल्याकडे आधीच होतं." तसं नाही. प्रश्नांचे चेहरे जुळतात, पण ते कोणत्या चिंतेतून विचारले गेले, त्यांच्या मागे-पुढे काय उभं होतं, हे वेगळं असतं. साम्य दिसणं ही अभ्यासाची सुरुवात आहे.

ज्ञानाची दारं किती

भारतीय दर्शनांचा पेपर पाठांतराचा समजला जातो. तसा तो शिकवलाही जातो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रमाणांचंच बघा. खरं ज्ञान कोणत्या दारांनी येतं? चार्वाक म्हणतो एकच दार, प्रत्यक्ष. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमान धरतात. सांख्य शब्द, म्हणजे विश्वासू व्यक्तीचा किंवा वचनाचा आधार, हे तिसरं दार मानतात. नैयायिक उपमान, म्हणजे साम्यावरून होणारी ओळख, जोडून चार करतात. प्रभाकराचे मीमांसक अर्थापत्ती धरून पाच, आणि कुमारिल भट्टांचे मीमांसक व अद्वैती अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसण्यावरून ती नाही हे कळणं, धरून सहा. परीक्षेत हे कोष्टक लिहून गुण मिळतात. पण गंमत पुढे आहे. अर्थापत्तीचं नेहमीचं उदाहरण घ्या: देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे, म्हणजे तो रात्री जेवत असणार. हे अनुमानच झालं की काहीतरी वेगळं? नैयायिक म्हणतो अनुमानच. मीमांसक म्हणतो नाही, इथे तू जुन्या व्याप्तीवरून पुढे गेला नाहीस. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळेनात म्हणून तू तिसरी मान्य केलीस. वर्ग दोन गटांत वाटून हा वाद अर्धा तास चालवला तर मुलांना ते कोष्टक जन्मभर पाठ करावं लागत नाही.

आणि "शब्द" हे प्रमाण आहे का, हा तर आपल्या रोजच्या जगण्यातला प्रश्न. तुमची जन्मतारीख तुम्हाला कशावरून माहीत? पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तुम्ही स्वतः तपासलंय का? आपल्या माहितीतली बहुतेक माहिती दुसऱ्यांच्या शब्दावर आहे. मग कुणाचा शब्द मानायचा? नैयायिकांनी "आप्त" कुणाला म्हणावं याची चर्चा केली आहे, ती वृत्तपत्र हातात धरून वाचता येते.

एका परिच्छेदाची दुरुस्ती

तीन वर्षांत माणसात काय बदलतं ते जवळून दाखवते. एका विद्यार्थिनीने पहिल्या सत्रात सत्यावर लिहून आणलेला परिच्छेद असा सुरू होत होता: "प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, त्यामुळे कुणालाही चूक म्हणता येत नाही." हस्ताक्षर सुंदर, सूर समंजस. मी पेन्सिलीने "सत्य" या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, म्हणजे काय?

ती दुसऱ्या दिवशी आली. म्हणाली, "मॅडम, म्हणजे प्रत्येकाचं मत वेगळं असतं."

"मग मत असंच लिही. मत वेगळं असतं याच्याशी कुणाचं भांडण नाही. पण मत वेगळं असलं की सत्यही वेगळं होतं, हे कशावरून?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग स्वतःच म्हणाली, "आणि मॅडम, 'कुणालाही चूक म्हणता येत नाही' हे माझं वाक्य, ते ज्याला पटत नाही त्याला मी चूकच म्हणतेय की."

तिच्या वाक्याची गाठ तिनेच सोडवली होती. पण मी तिला तिथे थांबू दिलं नाही, कारण तिला सुरुवातीला काहीतरी म्हणायचं होतं आणि ते टाकाऊ नव्हतं. तिच्या घरात एका गोष्टीवरून वाद चालू होता. आजीचं म्हणणं आणि आईचं म्हणणं दोन्ही तिला आपापल्या जागी पटत होतं. तिला म्हणायचं होतं की एकाच प्रसंगाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या माणसांना दिसतात. हे वेगळं विधान आहे, जास्त नम्र आणि जास्त टिकाऊ. जैनांच्या अनेकान्तवादाशी त्याचं नातं लागतं आणि तो तर तिला पुढच्या वर्षी शिकायचाच होता. तिने परिच्छेद चार वेळा लिहिला. चौथ्या वेळी तो पहिल्याच्या निम्मा झाला होता आणि त्यातलं एकही वाक्य उचलून बाजूला ठेवता येत नव्हतं.

लिहिणं म्हणजे हे. वाचणंही असंच संथ. कांटचं एक पान समजून घ्यायला तास लागला तर मुलं ओशाळतात. मी त्यांना सांगते की तास लागायलाच हवा. वाक्यापुढे पेन्सिलीने खुणा करायच्या: हा दावा, हा आधार, ही शंका, हे तिचं उत्तर. गाईड वाचून यातलं काही होत नाही. आपल्या परीक्षांमधले "टीप लिहा" छापाचे प्रश्न मुलांना नोट्सकडे ढकलतात आणि नोट्स पाठ करून पदवी मिळूही शकते, हे मी लपवणार नाही. मूळ लेखन वाचायचा हट्ट विद्यार्थ्यालाच धरावा लागतो.

टेकडी आणि रस्ता

नीतिशास्त्राच्या तासाला मी बेफाम सुटलेल्या ट्रामचं ते प्रसिद्ध कोडं (ती पाच जणांवर जाऊ द्यायची की रूळ बदलून एकावर?) आता फार वापरत नाही. पुण्याच्या मुलांपुढे वेताळ टेकडीच्या अंगाने जाणारा प्रस्तावित बालभारती–पौड फाटा रस्ता ठेवते. वर्गातल्या निम्म्या मुलांचं त्यावर आधीच ठाम मत असतं.

पहिलं काम प्रश्नांची वर्गवारी. रस्त्याने कोंडी किती कमी होईल, भूजलावर काय परिणाम होईल, हे माहितीचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं अभियंता आणि भूजलतज्ज्ञ देतील, आपण बाकावर बसून देऊ नयेत. "विकास" म्हणजे काय, हा शब्दाच्या अर्थाचा प्रश्न आहे. आणि रोज अडकणाऱ्या हजारो लोकांचा वाचलेला वेळ टेकडीवरच्या झाडांपुढे आणि मोरांपुढे तोलता येतो का, हा मूल्याचा प्रश्न आहे. भांडणात हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. ते नुसते सुटे केले तरी आवाज खाली येतो.

मग विचारवंतांना बोलवायचं. मिलच्या उपयुक्ततावादाने बघितलं तर सर्वांच्या सुख-दुःखाची बेरीज करावी लागेल. पण सर्व म्हणजे कोण? बेंथमने १७८९ मध्येच म्हटलं होतं की प्राण्यांच्या बाबतीत, त्यांना विचार करता येतो का असं न विचारता त्यांना वेदना होतात का असं विचारा. म्हणजे मोर बेरजेत आला. झाड आलं का? कांटच्या मते थेट कर्तव्यं माणसांप्रतीच असतात, तरी निसर्गातलं सुंदर काही उगाच नष्ट करण्याने आपल्यातलीच एक चांगली वृत्ती बोथट होते, म्हणून तेही टाळावं. हे पुरेसं आहे का? टेकडीला तिचं स्वतःचं काही मोल आहे, कुणी बघायला नसलं तरी आहे, असं म्हणता येईल का? शंभर वर्षांनी जन्मणाऱ्या पुणेकराचं आपण काही देणं लागतो का, जो अजून अस्तित्वातच नाही?

तासाच्या शेवटी वर्गाचं एकमत होत नाही. काहींचं मत बदलतं, बऱ्याच जणांचं तेच राहतं, पण ते आता आपल्या मताची किंमत सांगू शकतात, म्हणजे हे मत धरलं तर आणखी काय काय मान्य करावं लागतं ते. समाजचिंतनाच्या पेपरात डॉ. आंबेडकरांचं १९३६ चं जातिनिर्मूलनावरचं भाषण वाचताना हीच सवय कामाला येते. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत त्यांनी केलेला भेद बघा, "म्हणजे काय?" या प्रश्नाची धार किती असू शकते ते तिथे दिसतं.

पुण्यात शिकण्याचं वैशिष्ट्य

इथे हा विषय दोन भाषांत जगला आहे. १८९२ ते १८९५ फर्ग्युसनचे प्राचार्य असलेल्या आगरकरांच्या निबंधांमागे मिल आणि स्पेन्सर उभे आहेत, पण मराठी अस्सल आहे. गुरुदेव रानडे फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवत आणि उपनिषदांवर इंग्रजीत लिहीत. एस.पी. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेले सोनोपंत दांडेकर वारकरी परंपरेतले प्रवचनकारही होते. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड १९७४ मध्ये इथूनच निघाले. पारिभाषिक शब्दावर अडलेल्या मुलीला मी आजही त्याच्याकडे पाठवते. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं "परामर्श" हे मराठी त्रैमासिक, जयकर ग्रंथालय, १९१७ पासूनची भांडारकर संस्था, हे सगळं एका बसच्या पासात येतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी ग्रंथांची धास्ती असते. ती खोटी नाही. पहिलं वर्ष जड जातं. पण मी पाहिलं आहे की शब्दाला प्रतिशब्द शोधताना हीच मुलं जास्त खोल जातात. इंग्रजीतल्या "रीझन"ला मराठीत काय म्हणायचं? बुद्धी, विवेक, कारण, हेतू, युक्ती? प्रत्येक वाक्यात वेगळा शब्द लागतो आणि तो निवडायचा तर वाक्य खरोखर समजावं लागतं. इंग्रजीतून इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो शब्द तसाच पुढे ढकलता येतो.

आणि पुढे?

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न वडील विचारतात, मुलगी शेजारी गप्प उभी असते. मी त्यांना सरळ सांगते. "तत्त्वज्ञ पाहिजे" अशी जाहिरात कुठे येत नाही. या विषयात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि मग सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि कायम जागा निघायला वेळ लागतो. त्या काळात कितीतरी हुशार माणसं तासिका तत्त्वावर काम करतात. हे माहीत असूनच त्या वाटेला जावं.

पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, आणि युक्तिवाद तपासायची सवय असलेल्या मुलांना कायद्याचं वाचन परकं वाटत नाही. पत्रकारिता, संपादन, अनुवाद, समाजकार्य या वाटा आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर. शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो. पण केवळ त्यासाठी तीन वर्षं इकडे येऊ नका, तेवढी तयारी वेगळीही होते. एक कमी माहिती असलेली गोष्ट म्हणजे माणसांवर औषधांच्या चाचण्या होतात त्या ठिकाणच्या नैतिकता समितीत वैद्यकक्षेत्राबाहेरचे सदस्य लागतात, आणि नियमांत समाजशास्त्रज्ञांच्या बरोबरीने तत्त्वज्ञ किंवा नीतितज्ज्ञ यांचाही उल्लेख आहे. ती पगाराची नोकरी नव्हे, पण रुग्णाची संमती खरोखर संमती आहे का, हे तिथे कुणीतरी विचारावं लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. तत्त्वज्ञान मेजर (मुख्य विषय) घ्यायचं की दुसऱ्या विषयाबरोबर मायनर (दुय्यम), याचे नियम आणि विषयांच्या जोड्या महाविद्यालयागणिक बदलतात. विभागात जाऊनच विचारा. जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा: उत्तरं मराठीत लिहायची मुभा आहे का, आणि मूळ ग्रंथांतले उतारे वर्गात वाचले जातात का. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून विभाग कसा आहे ते कळेल.

वडिलांशी बोलून झालं की मी मुलीकडे वळते. तिला घरी करायला एक काम देते. उद्याच्या पेपरातला अग्रलेख घे. लेखकाला शेवटी काय पटवायचं आहे ते एका वाक्यात लिही. त्याखाली त्याने दिलेले आधार लिही, त्याच्या शब्दांत नको, तुझ्या. मग त्याला जो माणूस कडाडून विरोध करेल त्याच्या बाजूने चार ओळी लिही, इतक्या प्रामाणिकपणे की त्या माणसाने सही केली असती. मागच्या जूनमध्ये एक मुलगी हे करून तिसऱ्या दिवशी परत आली. वहीची अडीच पानं भरली होती आणि खोडाखोड इतकी होती की वाचता येईना. तिने मला बसूही दिलं नाही, दारातच म्हणाली, "मॅडम, यात त्यांनी एक शब्द वर एका अर्थाने वापरलाय आणि खाली दुसऱ्याच." वडिलांनी तेव्हाच पिशवीतून तिची गुणपत्रिका आणि फोटो काढले आणि फॉर्म कुठे मिळेल ते विचारलं.